हेर वेस्टर यांचे पणजोबा

हेर वेस्टर गेल्याचं मला तीन महिन्यांनी कळलं, आणि तेही एका इमेलच्या शेवटच्या ओळीत. ब्राउनश्वाइगच्या माझ्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या फ्राऊ क्रूगर यांनी केलरमध्ये पडून असलेल्या माझ्या दोन खोक्यांबद्दल लिहिलं होतं. तळघर रंगवायचं आहे, खोकी न्या नाहीतर टाकून देऊ, असा सरळ मजकूर. खाली एक ओळ: हेर वेस्टर मे महिन्यात झोपेतच गेले. मी खोकी टाकून द्या असं कळवलं आणि उठून कुकर लावला. रडू वगैरे आलं नाही. काहीच आलं नाही. पहिली शिट्टी झाली तशी मात्र मी शेगडी बंद केली आणि तिथेच स्टुलावर बसून राहिले, कारण आमची ओळख शिट्टीमुळेच झाली होती.

फुटबॉलचा वर्ल्डकप जर्मनीत व्हायचा होता, त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट. मी पीएचडी करत होते आणि प्राजक्ता नावाच्या सांगलीच्या मुलीबरोबर दोन खोल्यांच्या घरात राहत होते. राहायला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी दीड वाजता आमच्या दाराची बेल वाजली. दारात एक उंच, काळा, पांढऱ्या दाढीचा म्हातारा. अंगात वेस्टकोट, नाकावर चष्मा, कपाळावर दुसरा चष्मा.

"तुमच्या घरात कुठलं वाद्य आहे?" त्यांनी विचारलं.

"वाद्य नाही. डाळ आहे," मी म्हणाले.

ते न विचारता स्वयंपाकघरापर्यंत आले. कुकर पाहिला. चौथी शिट्टी होईपर्यंत हाताची घडी घालून उभे राहिले. मग म्हणाले, "एक ते तीन या इमारतीत मिटाग्सरूहे असते. दुपारची शांतता. पण मी त्याच्यासाठी नाही आलो. हे चार वेळा वाजलं आणि चारही वेळा वेगळं वाजलं. हे मला सहन होत नाही."

पुढच्या रविवारी ते छोटी कानस घेऊन आले आणि शिट्टीचं वजन घासून देतो म्हणाले. आम्ही घाबरून कुकर लपवला.

हेर वेस्टर तळमजल्यावर राहायचे आणि त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली म्हणजे त्यांचं दुकान. पाटीवर 'पियानो. दुरुस्ती. इतर.' एवढंच. आत पाचसहा जुने पियानो, स्टुलं, मेट्रोनोम, जुन्या स्वरलिपींचे गठ्ठे. विकायची वस्तू कुणाला विकायची आणि कुणाला नाही, हे तेच ठरवत. एकदा माझ्यासमोर एक दाताचे डॉक्टर बायकोला घेऊन आले होते. दिवाणखान्यात शोभेल असा पांढरा पियानो हवा होता. हेर वेस्टरांनी विचारलं, वाजवतं कोण? कुणीच नाही. मुलं? मुलं नाहीत. "मग कपाट घ्या," हेर वेस्टर म्हणाले. "त्याला खणही असतात." डॉक्टरांनी शेजारच्या गावातून पांढरा पियानो आणला असं नंतर कळलं. त्यावर हेर वेस्टर आठवडाभर दुखवटा पाळल्यासारखे वागत होते.

चहाचा कप त्यांच्या हातात दिला की ते आधी नखाने त्याची कड वाजवायचे, स्वर सांगायचे, मग प्यायचे. आमचे कप बेसूर होते. जिन्याची पाचवी पायरी सुरात होती आणि लिफ्ट आमच्या इमारतीत नव्हती हे फार बरं होतं. जिना झाडायच्या पाळीची पाटी आमच्या दाराच्या कडीला अडकली की रविवारी संध्याकाळी ते भिंग घेऊन पायऱ्या तपासत. खरं म्हणजे त्यांना भिंगाशिवाय दिसतच नव्हतं, मोतीबिंदू पिकला होता. पण ऑपरेशनचा विषय काढला की म्हणत, "कानाचं काही असेल तर बोला."

आणि या सगळ्याच्या मागे त्यांचे पणजोबा असत.

कुठलाही विषय काढा, चार वाक्यांत पणजोबा हजर. प्राजक्ता तर मोजायची. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर, तिथे डेन्मार्कचं राज्य होतं तेव्हा, अँटनी वेस्टर नावाचे व्यापारी होऊन गेले. बाप कुणी गोरा खलाशी, आई काळी. बेटावर गुलामी होती, पण हे जन्मापासून मोकळे. पीठ, दिव्याचं तेल आणि हॅटा आणून विकता विकता बंदरावरचं सगळ्यात मोठं दुकान त्यांनी उभं केलं. व्हायोलिन वाजवत, पियानो वाजवत, नाचाच्या चाली बांधत. गावाचा बँड त्यांनी काढला. आगीचा बंब त्यांनी आणला. नगरसभेवर निवडून गेले आणि बंदरापासून चर्चपर्यंत दिवे लावले. एका काळ्या बाईच्या पोराने हे केलं, हे सांगताना हेर वेस्टर नेहमी बोट वर करत.

पणजोबांनी परदेशातून एक पियानो मागवला होता. त्याच्या झाकणावर सोनेरी अक्षरांत 'ब्राउनश्वाइग' लिहिलेलं होतं. वेस्टरांचं घराणं पुढे दोन शाखांत फुटलं असं हेर वेस्टर सांगत. एक पैसेवाली, पुढच्या घरातली. दुसरी गरीब, मागच्या अंगणाकडच्या खोल्यांतली. हेर वेस्टर मागच्या खोल्यांत जन्मले. त्यांचे वडील त्या पियानोची धूळ पुसायचे. ऑस्करने, म्हणजे यांनी, ती अक्षरं पाहून वाचायला शिकायचं ठरवलं आणि पंचविशीत बोटीने निघून थेट त्या अक्षरांच्या गावी पोचले. पियानोच्या कारखान्यात चाळीस वर्षं काम केलं. तारा ओढल्या, हातोड्यांना नमदे लावले. परत कधीच गेले नाहीत.

पणजोबांच्या बेटावरच्या दिव्यांमुळे आमच्या गल्लीतला एक दिवा पेटला, ही गोष्ट इमारतीत सगळे सांगत. कोपऱ्यावरचा दिवा बंद पडला होता. हेर वेस्टरांनी राटहाउसला, म्हणजे महापालिकेला, पत्र लिहिलं. मग दुसरं. प्रत्येक पत्रात एक परिच्छेद पणजोबांचा. चौदाव्या पत्रानंतर महापालिकेचा माणूस शिडी घेऊन आला आणि दिवा लावून झाल्यावर त्याने वर बघून विचारलं, "ते अँटनी वेस्टर इथेच राहतात का? त्यांना सांगा, झालं म्हणून." हेर वेस्टर हे सांगताना हसून हसून डोळे पुसत. मला वाटतं, आयुष्यात त्यांना याहून मोठा मान मिळाला नव्हता.

त्या वर्षी उन्हाळ्यात बेटावरून पत्र आलं. अँटनी वेस्टरांचं घर दुरुस्त करून तिथे संग्रहालय होणार होतं. जानेवारीत उद्घाटन. वंशजांना पहिल्या रांगेत बसवणार होते, आणि त्यांच्यातलं कुणी वाजवणारं असेल तर त्या जुन्या पियानोवर एक चाल वाजवायची होती. सोबत एक उत्तरपत्र. नाव, पत्ता, अँटनी वेस्टर यांच्याशी नातं. आणि नम्र विनंती: नात्याचा कागद जोडावा.

हेर वेस्टरांकडे कागद नव्हता. आजोबांचं नाव योहान, एवढं माहीत होतं. योहान अँटनींचा मुलगा, हे घरात सगळे म्हणत आले होते. घरात म्हणत आले हे संग्रहालयाला चालणार नव्हतं. त्यांनी पुराभिलेखागाराला लिहून बाप्तिस्म्याच्या नोंदींच्या झेरॉक्स मागवल्या. जाडजूड पाकीट आलं. डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून दर रविवारी दोन तास मी ती पानं वाचून दाखवायची असं ठरलं. बदल्यात ते मला कॉफी आणि नारळाचा केक द्यायचे. मला ते आवडायचं. प्रयोगशाळेत माझे आकडे वर्षभर जुळत नव्हते. इथे निदान माणसांची नावं होती.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मला योहान सापडला. आजोबांच्या वयाशी वर्ष जुळत होतं. ओळ अशी होती: पहिल्या रकान्यात योहान, दुसऱ्यात अँटनी वेस्टर, तिसऱ्यात मारिया. रकान्यांचे मथळे नव्हते. झेरॉक्स काढणाऱ्याने पानाचा वरचा दोन बोटं रुंद भाग कापला होता. पण मला मथळ्यांची गरजच वाटली नाही. बालवाडीपासून मी हा फॉर्म भरत आले होते. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव. आईचं नुसतं नाव, आडनाव नाही, तेही आपल्यासारखंच. मी मोठ्याने वाचलं, "योहान. वडील अँटनी वेस्टर. आई मारिया."

त्याच पानावर आणखी दोन मुलांसमोर अँटनी वेस्टरचं नाव होतं आणि आया निराळ्या होत्या. मी मनात म्हटलं, श्रीमंत माणूस, तेव्हा चालत असेल. ते मी वाचून दाखवलं नाही. म्हाताऱ्याला कशाला लाजवायचं, असा विचार केला. स्वतःच्या समजूतदारपणाचं मला तेव्हा कौतुकही वाटलं होतं.

हेर वेस्टरांनी कागदावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग उठून काळा सूट घातला. जिन्यात पाटी लावली: पुढच्या रविवारी तीन वाजता, दुकानात, सर्वांना कॉफी. सगळी इमारत आली. केकमध्ये त्यांनी इतकी रम ओतली होती की फ्राऊ क्रूगर पहिल्यांदाच कुणालातरी अरे-तुरे करू लागल्या. हेर वेस्टरांनी पणजोबांची एक नाचाची चाल वाजवली. डाव्या हाताला थांबत थांबत जाणारी, उजव्या हाताला घाई असलेली. मग माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाले, "फ्राऊ डॉक्टर यांनी मला माझं घर दिलं." एरवी ते मला चिडवायला फ्राऊ डॉक्टर म्हणत, पीएचडी कुठवर आली हे त्यांना माहीत होतं. त्या दिवशी चिडवत नव्हते.

विमानाचं तिकीट काढलं. उत्तरपत्र मी त्यांच्या सांगण्यावरून भरलं. नात्यासमोर लिहिलं, पणतू. झेरॉक्सची अधिकृत शिक्क्याची प्रत राटहाउसमधून घ्यायची होती, त्याचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, पुढच्या पंधरवड्यातल्या गुरुवारी मिळाला.

मला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. त्यांच्या वाढदिवसाला ते पान फ्रेम करून द्यायचं माझ्या मनात आलं. पुराभिलेखागाराला इमेल करून त्या पानाची आणि वहीच्या पहिल्या पानाची स्वच्छ प्रत मागवली. या वेळी पान पूर्ण आलं, मथळ्यांसकट. ते डॅनिशमध्ये होते. आमच्या संस्थेत कार्स्टन नावाचा डॅनिश संशोधक होता. कँटीनच्या रांगेत मी त्याला कागद दाखवला आणि म्हटलं, जरा वाच रे, फ्रेमखाली जर्मनमध्ये लिहायचंय.

त्याने वाचलं. मग ट्रे खाली ठेवला.

"ही मोकळ्या लोकांची वही नाहीये," तो म्हणाला. "पहिल्या पानावर लिहिलंय. हा पहिला रकाना बाळाचं नाव. तिसरा आईचं."

"आणि मधला?"

"मधला मालकाचा."

मी म्हटलं, वडिलांचा. त्याने मान हलवली. वडिलांचा रकानाच नव्हता. गुलामीतून सुटका झाल्यावर पुष्कळ लोकांनी मालकाचंच आडनाव लावलं, असंही त्याने सांगितलं, हळू आवाजात, मला बरं वाटावं म्हणून. मागचा माणूस म्हणाला, रांग पुढे सरकलीये. मी सरकले. बटाटे घेतले. ते खाल्लेसुद्धा.

तो सोमवार होता. संध्याकाळी प्राजक्ताला सांगितलं.

"अगं, मग नको ना सांगूस," ती म्हणाली. "अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस आहे. तिकीट काढलंय त्यांनी. जाऊ दे ना, वाजवू दे, येऊ दे परत."

"म्युझियमवाल्यांना पान बघितल्या बघितल्या कळेल."

"मग कापलेली झेरॉक्स आहे ना? तीच जाऊ दे."

"ती वही त्यांच्या गावची आहे, प्राजक्ता. ते ओळखणार नाहीत का? पत्राने कळवतील. नाहीतर दारात कळवतील, खुर्ची दाखवताना."

प्राजक्ता म्हणाली, "गुरुवारच्या टेर्मिनच्या आत सांग मग. शिक्का मारून घेतल्यावर नको."

मंगळवारी मी गेले नाही. खोटं कशाला बोलू, घाबरले होते. चूक माझी होती, आणि ती मी आनंदाने, केक खाऊन केली होती. बुधवारी दुपारी गेले.

ते एका उभ्या पियानोच्या तारा जुळवत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी हातातली किल्ली खाली ठेवली नाही.

"मथळा वाचा," म्हणाले.

मी वाचला. कार्स्टनने जर्मनमध्ये लिहून दिलं होतं.

"पुन्हा."

पुन्हा वाचला. तिसऱ्यांदाही वाचायला लावला. मग त्यांनी एक पट्टी दाबली. ती सुरात होती, मलासुद्धा कळत होतं. ते ती दाबत राहिले, किती वेळ ते सांगता येणार नाही.

"आणि मारिया?" त्यांनी विचारलं.

"तिचंही तसंच असणार."

"आडनाव?"

"नाही लिहिलेलं."

"तुमच्याकडून हे कसं झालं?" रागाने नाही, पियानोत नेमकं कुठे बिघडलंय हे विचारावं तसं विचारलं. मी आमच्या फॉर्मचं सांगितलं. प्रत्येक नावानंतर बापाचं नाव, शाळेत, बँकेत, रेशनकार्डावर. मधली जागा बापाची, हे मी डोळे मिटून धरून चालले.

"म्हणजे तुमच्याकडे कागदावर प्रत्येकाला बाप असतो," ते म्हणाले.

"हो."

"बरं आहे."

मी माफी मागितली. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, त्या दोन मुलांचीही नावं वाचा. त्यांना ती दोन मुलं कशी माहीत, मी विचारलं नाही. भिंग घेऊन त्यांनी स्वतः पान पाहिलं असणार, आणि माझ्यासारखंच काहीतरी समजून गप्प बसले असणार. मी नावं वाचली. एलियास. रेबेका. त्यांनी ती माझ्यामागून उच्चारली.

गुरुवारी ते राटहाउसला गेले नाहीत. दुकान उघडलं नाही. त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी त्यांची होती, पाटी त्यांच्या दाराला लटकत राहिली. मी सकाळी लवकर उठून त्यांच्या वाटणीचा जिना झाडला आणि पाटी पुढच्या दाराला लावली. कुणी तपासायला आलं नाही. आमचा कुकर भर दुपारी शिट्ट्या मारायचा आणि बेल वाजायची नाही. जिन्यात भेटले तर "थंडी आहे" म्हणत. थंडी होतीच. चार आठवड्यांत त्यांच्या तोंडून पणजोबा हा शब्द मी एकदाही ऐकला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मी नुसती जात होते, येत होते, आकडे जुळवत होते. आम्हा दोघांनाही एकाच दातांच्या डॉक्टरने भूल दिली होती म्हणा ना.

प्राजक्ताने एकदा त्यांच्या दारात शिरा ठेवला. डबा धुऊन परत आला. आत काही नव्हतं, चिठ्ठीही नव्हती.

जानेवारीत मी नोकरीसाठी नेकारसुल्मला निघून गेले. हेर वेस्टर बेटावर जाऊन आले, हे मला पुढे फ्राऊ क्रूगरकडून कळलं. तिथे काय झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि मीही फोन करून विचारलं नाही. करायला हवा होता. दोन वर्षं हवाच होता. खरं सांगायचं तर त्यांनी मला काही बोलावं याचीच मला भीती होती, आणि काहीच बोलले नाहीत तर त्याची जास्त.

त्यामुळे त्यांचं शेवटचं दर्शन त्याआधीचं, डिसेंबरातलं. नाताळच्या आदल्या आठवड्यात दुपारी बेल वाजली. हेर वेस्टर दारात उभे. वेस्टकोट, दोन चष्मे. दाढी नीट कापलेली. हातात कोरं उत्तरपत्र होतं, संग्रहालयाकडून दुसरं मागवलेलं, आणि राटहाउसचा शिक्का मारलेलं ते पान. या वेळचं पान पूर्ण होतं, मथळ्यांसकट.

"मला लिहायला दिसत नाही," ते म्हणाले. "तुमचं अक्षर बरं आहे."

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. मी चहा केला. त्यांनी कप वाजवला नाही, तसाच प्यायले. मी नाव लिहिलं, ऑस्कर वेस्टर. आडनावावर ते जरा थांबले, मग म्हणाले, राहू द्या, तेवढंच लोक ओळखतात. पत्ता लिहिला. वाजवणार का, या प्रश्नासमोर त्यांनी हो लिहायला सांगितलं.

"कुठली चाल?" मी विचारलं.

"ती तिथे ठरवू. कुणाची ते आधी त्यांना विचारायचंय."

मग शेवटचा प्रश्न. अँटनी वेस्टर यांच्याशी नातं. माझं पेन थांबलं.

"मारियाचा पणतू," ते म्हणाले.

"हेर वेस्टर, इथे अँटनी वेस्टरशी नातं विचारलंय."

"विचारू द्यात. लिहा."

मी लिहिलं. त्यांनी पत्र डोळ्यांजवळ नेलं, भिंग धरून एकेक अक्षर पाहिलं, आणि परत माझ्यापुढे ठेवलं.

"तिचं नाव बारीक आलंय," म्हणाले. "जरा ठळक करा."

मी ते पुन्हा गिरवलं.